प्लॅटफॉर्म तिकिटाचा प्रवासी

माझे घरमालक दर शनिवारी बंगलोरला येत. राहायचे बंगलोरलाच, जयनगरात, आणि जन्मही तिथलाच. पण शनिवारी सकाळी आंघोळ-पूजा आटोपली की ते डोक्याला माकडटोपी घालत, रेक्झिनची तपकिरी पिशवी खांद्याला लावत आणि बंगलोर बघायला निघत. पिशवीत टॉवेल, एक जोड कपडे, पाण्याची बाटली आणि कधीचं तरी रेल्वेचं वेळापत्रक. गळ्यात मेहुण्याचा जुना कॅमेरा. त्यात रोल नसे. रोल कशाला, असं ते विचारत. कॅमेरा बघून लोक बाजूला सरकतात आणि चांगली जागा दाखवतात, तेवढं पुरे.

गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. मी पुण्याहून बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला आलो ती नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. कमरेला पेजर लावलेला माणूस दिसला तर लोक रस्त्यात वळून बघायचे. वरची खोली देताना अण्णांनी भाड्याबद्दल फार घासाघीस केली नाही. ‘आमच्याशी मराठी बोलशील की?’ एवढंच विचारलं. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आलं ते परत गेलंच नाही. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कानडी पाहुणी म्हणून आली होती आणि आता स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. त्यांना माझी पुण्याची मराठी ऐकायची होती. मला वाटलं, मातृभाषेची ओढ असेल. मी जरा गहिवरलोही. महिन्याभरात कळलं की ती मराठी त्यांना शनिवारी कामाला लागत होती.

खरी गोष्ट अशी, की अण्णांना गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. शहर संपून शेतं सुरू झाली की त्यांचा चेहरा पांढरा पडे. ‘देवनहळ्ळीपुढं माझं पोट माझं राहत नाही बघ,’ असं ते सांगत. तिरुपतीला निघून कोलारला उतरलेला हा माणूस. सरकारी कारखान्यात जन्मभर नोकरी झाली, सहकारी रजा घेऊन सिमला-काश्मीर करून आले, अण्णा त्यांचे फोटो बघत राहिले. अक्का मात्र बहिणींबरोबर काशी, रामेश्वर, द्वारका सगळं करून आली होती. ती परत आली की आठवडाभर सांगायची आणि अण्णा ताटावरचा हात वाळेपर्यंत ऐकत बसायचे. तिचं एकच ठिकाण राहिलं होतं. देवघरात तुळजाभवानीची मोठी तसबीर होती, त्यांची कुलदेवता. कुलदेवतेला जोडीनं जायचं असतं, त्यामुळे ते तेवढं तटलं होतं. अक्का त्याबद्दल काही बोलत नसे. फक्त तसबीर पुसताना जरा जास्त वेळ पुसत असे.

तर ज्याला गाव सोडता येत नाही त्यानं गावातच बाहेरून यायचं, असा अण्णांनी मार्ग काढला होता. प्रवास स्टेशनातून सुरू झाला पाहिजे, हा त्यांचा नियम. आमच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या टंचाईमुळे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असे, म्हणून मी त्यांच्या हाती आयता सापडलो. आम्ही बसनं सिटी स्टेशनला जायचो. अण्णा दोन प्लॅटफॉर्म तिकिटं काढायचे, आत जाऊन बाकावर बसायचे, आणि एखादी लांबची गाडी लागली की उतरणाऱ्या गर्दीत मिसळून, पिशवी सावरत, हमालांना नको नको म्हणत बाहेर पडायचे. गाडी जिकडची असेल तिकडचे ते त्या दिवशी होत. कधी हुबळीचे, कधी मद्रासचे, आणि मी असल्यापासून बहुधा मुंबईच्या गाडीचे, कारण आता बरोबर खरी मराठी बोलणारा भाचा होता. भाचा म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

बाहेर आलं की त्यांची चालच बदलायची. घरी कमरेवर हात देऊन उठणारा माणूस मान वर करून इमारती बघत चालायचा. पानवाल्यापाशी थांबून मोडक्यातोडक्या हिंदीत विचारायचा, आपके गाव में खाने का क्या अच्छा है? आणि हे मान्य केलंच पाहिजे की त्या शहराइतकं भलं उत्तर देणारं शहर मी पाहिलेलं नाही. लोक हातातलं काम ठेवून वाद घालायचे. एक म्हणे गांधी बाजारातला मसाला दोसा, दुसरा म्हणे छे, मल्लेश्वरमची इडली, तिसरा स्वतःची स्कूटर ढकलत आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचा. अण्णांनी ते दोसे पन्नास वर्षं खाल्लेले असायचे. तरी पहिला घास तोंडात गेला की त्यांचे डोळे विस्फारायचे, आणि ते काही नाटक नसे. ‘गावच्या माणसाला भूक लागते रे, पाहुण्याला चव लागते,’ असं ते म्हणत. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढं मला ते खरं वाटू लागलं.

सगळ्यात रंगायचा तो कॉफीचा प्रकार. बंगलोरात उभ्याउभ्या खायची हॉटेलं असतात, तिथं दोघांनी एक कॉफी घेऊन अर्धी अर्धी करायची रीत आहे. तिला ‘बाय टू’ म्हणतात. राजापासून रंकापर्यंत सगळे घेतात, त्यात कुणाला कमीपणा नाही. अण्णा काउंटरपाशी उभे राहून बाजूच्या अनोळखी माणसाला विचारायचे, हे बाय टू म्हणजे काय हो? तो माणूस खुलायचा. समजावून सांगायचा, मग म्हणायचा, चला, आपण दोघं घेऊ. असे अण्णा अर्ध्या बंगलोरबरोबर अर्धी अर्धी कॉफी प्यायले होते. तेच स्पष्टीकरण, तेच आश्चर्य, तेच ‘अरे वा, असं आमच्याकडं नाही’. मी शेजारी खारा बन चावत जमिनीकडं बघत असायचो. तो माणूस गेला की माझ्याबरोबर आणखी एक बाय टू व्हायची.

मला लाज वाटायची. सुरुवातीला नुसती संकोचाची, मग जरा खोलवरची. समोरचा माणूस जितका चांगला वागे तितकी जास्त. कुणी उद्धट निघाला तर मला बरं वाटे, फिट्टंफाट झाल्यासारखं. एकदा आमच्या कारखान्याचे मॅनेजर जयनगरच्या शॉपिंग कॉम्प्लेक्सपाशी भेटले. अण्णा त्या वेळी चुरमुरीवाल्याला चुरमुरी कशी करतात ते विचारत होते. मॅनेजरनी चौकशी केली, आणि मी काही बोलायच्या आत अण्णांनी स्वतःची ओळख करून दिली. कोल्हापूरहून आलोय, भाच्याकडं. मॅनेजर दुसऱ्या दिवशी कारखान्यात माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, मामा आलेत तर त्यांना म्हैसूर दाखवून आण, एक दिवस नाही आलास तरी चालेल. मी गेलो नाही म्हणून त्यांना माझा रागच आला असावा. पुढं वर्षभर ते मला म्हाताऱ्या माणसांची कदर करावी असं अधूनमधून सांगत.

मी अण्णांना एकदा स्पष्ट म्हटलं, की हे बरं नाही, लोक खरं समजतात. ते वाईट वाटून घेतील असा माझा अंदाज होता. पण त्यांनी शांतपणे विचारलं, ‘त्यांचं काय गेलं? त्यांना सांगायला मिळालं, मला ऐकायला मिळालं. कुणाचं स्वल्प तरी नुकसान झालं काय?’ ह्याचं उत्तर मला मिळालं ते डिसेंबरात, चिकपेटच्या बाजारातल्या एका बोळात.

त्या शनिवारी मुंबईची गाडी उशिरा आली. बाकावर बसून बसून अण्णांना नवीन गाव सुचलं. बाजूला उतरलेल्या कुटुंबातल्या बाईच्या गळ्यात कवड्यांची माळ होती, ती बघून म्हणाले, आज आपण तुळजापूरचे. मी म्हटलं, देवाचं ठिकाण कशाला मध्ये आणता? ते म्हणाले, आपलीच देवी आहे, रागवत नाही.

चिकपेटमध्ये आम्ही गर्दीतून वाट काढत होतो आणि अण्णा माझ्याशी माझ्या मराठीत बोलत होते. साड्यांचे फॉल आणि अस्तराचं कापड विकणारं एक अरुंद दुकान होतं. त्यातला पन्नाशीचा माणूस गल्ल्यावरून उठून बाहेर आला. मराठी काय तुम्ही, कुठनं आल्यात? अण्णांनी गाव सांगितलं. त्या माणसाचे हात जोडलेच गेले. तोही आमच्या अण्णांसारखाच, पिढ्यान्‌पिढ्या इथला मराठी. त्यांचीही कुलदेवता तीच. त्याच्या आठवणीत घरातलं तिकडं कुणीच गेलं नव्हतं. दुकान तसंच शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून त्यानं आम्हाला मागच्या घरात नेलं. अण्णांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. तेव्हा परत फिरायला हवं होतं, पण पाहुणचार म्हटला की त्यांचे पाय आपोआप पुढं पडायचे.

आत खाटेवर त्याची आई बसली होती. ऐंशी तरी असेल. सुपात अवरेकाळाच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. मुलानं तिच्या कानाशी वाकून सांगितलं, अम्मा, आपल्या देवीच्या गावचे आलेत. तिनं सूप बाजूला ठेवलं, मुलाच्या दंडाला धरून उभी राहिली, आणि आम्हाला काही कळायच्या आत खुर्चीत बसलेल्या अण्णांपुढं खाली बसली. अण्णांनी पाय खुर्चीखाली ओढले. म्हणाले, ‘नको अम्मा, मी...’

‘तुमच्या पायाला तिची माती आहे,’ ती म्हणाली. ‘मला तेवढी तरी मिळू दे की.’

तिनं त्यांच्या पावलांवर दोन्ही हात टेकले आणि ते स्वतःच्या डोळ्यांना लावले. त्या पावलांना जयनगरची माती होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागलो. माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ते मी त्या दिवसापर्यंत नुसतं बोलायची गोष्ट समजत होतो. आणि मजा अशी, की मीच काय तो त्या मुलखातला, आणि सोलापूरवरून कितीदा गेलो असेन, पण तुळजापूरला मीही कधी पाय ठेवलेला नव्हता.

ती परत खाटेवर बसली आणि विचारू लागली. रोज बघत असाल तुम्ही तिला? अण्णा म्हणाले, रोज नाही, शुक्रवारी. हे उत्तर त्यांच्या तोंडून सवयीनंच निघालं. मग ती म्हणाली, तोंड कसं असतंय ते सांगा. अण्णांनी सांगितलं. मोठे डोळे, कपाळभर मळवट, नाकात नथ, ओठांच्या कडेला हसू. ते आपल्या देवघरातली तसबीर सांगत होते, ओळ न्‌ ओळ, आणि इतकं छान सांगत होते की मुलगाही दाराशी खिळून उभा राहिला. म्हातारी एकटक ऐकत होती. तिचे डोळे भरून आले. अण्णांचा आवाज मात्र बसत बसत गेला.

ऊट, म्हणजे जेवण, करूनच जायचं, असा आग्रह झाला. अवरेकाळाचं सारू आणि भात. चिमूटभर चटणीचंसुद्धा तोंड भरून कौतुक करणारा माणूस खाली मान घालून जेवला. निघताना म्हातारीनं ट्रंक उघडायला लावली. तळातून एक हिरवा, लाल काठाचा खण काढला. तिच्या लग्नातला, कोऱ्या घडीचा. तिकडं जाणारं कुणीतरी भेटेल म्हणून ठेवलेला. त्याच्याबरोबर नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या. सगळं एका कापडात बांधून तिनं अण्णांच्या ओंजळीत ठेवलं. तुम्ही घरी पोचला की तिची ओटी भरा, माझ्या नावानं. पुढं मागं कधी इकडं आलात तर कुंकू आणा, नाही आलात तरी चालतंय.

आम्ही परतीची बस पकडली. गांधी बाजाराशी उतरून गुलकंद घालून फळं खायची, हा दर शनिवारचा शेवट होता. स्टॉप आला आणि गेला. ते मांडीवरचं गाठोडं दोन्ही हातांनी धरून बसून होते.

अक्कानं पिशवी घेताना ते गाठोडं पाहिलं. तिला अण्णांचे शनिवार माहीत होते, त्याला ती ‘ह्यांची यात्रा’ म्हणायची. त्या दिवशी सगळं ऐकून ती हसली नाही, रागावलीही नाही. गाठोडं देवघरात ठेवलं आणि एवढंच म्हणाली, ‘दुसऱ्याची ओटी आहे. ही आपल्या घरात राहायची नाही.’

मी तोडगा काढला. संक्रांतीला मी पुण्याला जाणारच होतो, वाटेत सोलापूरला उतरून ओटी भरून येतो. किती सोपं. अक्का सरी म्हणाली, म्हणजे ठीक आहे. पण अण्णांनी मान हलवली. अम्मानं माझ्या हातात दिली, असं म्हणाले. मी म्हटलं, देवीला काय, कुणाच्याही हातची चालेल. ते म्हणाले, देवीला चालेल रे, मला चालत नाही.

मग सुरू झाली ती त्यांची खरी परीक्षा. जायचं ठरवायचं आणि तिकीट काढायला निघायचं म्हटलं की चपला काढून परत खुर्चीत बसायचं. रोज सकाळी ते देवघरात जाऊन नारळ कानाशी धरून हलवून बघत. पाणी वाजतंय ना? नारळ आटला की ओटी गेली, असा त्यांनी हिशेब धरला होता. वरच्या खोलीत मला तो आवाज येत नसे, पण अण्णांचं ‘आहे, आहे’ असं पुटपुटणं ऐकू येई. शनिवार आले आणि गेले. पिशवी खुंटीला टांगलेली राहिली. हॉटेलात मी एकटा कॉफी घ्यायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मला अर्धीचीच सवय झाली होती.

एका सकाळी ते खाली बराच वेळ नारळ हलवत होते. नंतर जिना चढून वर आले. धाप लागली होती. पाणी कमी वाजतंय, म्हणाले, तीन तिकिटं काढ.

तीन, कारण अक्कानं आपली ओटी मुकाट्यानं त्या गाठोड्याशेजारी ठेवून दिली होती.

त्या प्रवासाचं वर्णन करण्यासारखं नाही. ह्या वेळी प्लॅटफॉर्म तिकीट नव्हतं. अण्णांनी लिंबू हुंगलं, आलं चघळलं, डोळे मिटून घेतले. शहराबाहेरचं यलहंका स्टेशन मागं पडलं आणि ते खिडकीशी गेले, ते सोलापूरपर्यंत जवळजवळ तिथंच होते. डब्यातली माणसं भली होती. कुणी आवळासुपारी देई, कुणी जागा करून देई, आणि विचारी, कुठले तुम्ही? अण्णा डोळे न उघडता सांगत, बेंगळूर. मी त्यांच्या तोंडून त्यांचं खरं गाव पहिल्यांदाच ऐकत होतो. तुळजापूरला ज्यांच्याकडं उतरलो त्या बाईंनी पाहुणे म्हणून ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली आणि आमच्याकडचं खाऊन बघा म्हणून हौसेनं सांगायला लागल्या. जन्मात पहिल्यांदा अण्णा खरेखुरे पाहुणे झाले होते. त्यांना भाकरीचा तुकडा गिळवेना. ते ताटाकडं बघत राहिले आणि मला हळूच म्हणाले, सगळे सांगायला तयार आहेत रे, आणि मला ऐकायला होत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अक्कानं त्यांचं ताट आपल्याकडं ओढून घेतलं.

देवळात मंगळवारची गर्दी होती. रांगेत ते माझ्या खांद्याला धरून उभे होते. गाभाऱ्यात पोचलो, पुजाऱ्यानं ओट्या घेतल्या, अण्णांच्या मानेवर हात ठेवून डोकं टेकवायला लावलं आणि त्याच हातानं बाजूला सारलं. संपलं. बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर त्यांनी मला विचारलं, तुला दिसलं काय? मला कुठून दिसणार? ते पडतील म्हणून मी त्यांच्या पाठीकडं बघत होतो. अक्का म्हणाली, मलाही नाही नीट दिसलं, पण येऊन गेलो. आणि ती अशी हसली की तिचं वय दहा वर्षांनी उतरलं.

परत आल्यावर अण्णा चार दिवस अंथरुणात होते. पाचव्या दिवशी उठले, कुंकवाची पुडी आणि कवड्यांची माळ घेतली, आणि पिशवी, टोपी, कॅमेरा यांतलं काही न घेता मला म्हणाले, चल. वाटेत मी विचारलं, काय सांगणार? ते म्हणाले, जे आहे ते.

दुकानदार आम्हाला बघून आनंदला. एवढ्यात परत आलात? अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, मी तुळजापूरचा नव्हे. जयनगरला राहतो. तुमच्यासारखाच इथला. त्या दिवशी खोटं सांगितलं. ओटी मात्र जाऊन भरून आलो. एका दमात बोलले आणि थांबले. दुकानदार एक अस्तर गुंडाळत होता, ते त्यानं पूर्ण गुंडाळलं, मग परत उलगडलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. लाज कुणाला वाटायला हवी होती आणि कुणाला वाटत होती! शेवटी तो कापडाकडं बघतच बोलला.

‘अम्माला सांगू नका. त्या दिवसापासनं ती सगळ्या गल्लीला सांगती, देवीच्या गावचे येऊन गेले म्हणून.’

म्हणजे सुटका नव्हतीच. खोटं सोडायला गेलेल्या माणसाला तेच परत अंगावर चढवून आत जावं लागलं. अण्णा त्या दारातून वाकून आत शिरले तेव्हा मला वाटलं, ह्यापेक्षा ती गाडी बरी होती.

म्हातारीनं कुंकू कपाळाला लावलं, माळ डोळ्यांना टेकवली. मग तिनं तेच विचारलं. ओटी भरताना तोंड कसं होतं तिचं? मी अण्णांकडं पाहिलं. तसबीर त्यांना तोंडपाठ होती. दोन वाक्यं बोलली असती तर म्हातारीही खूश आणि मुलगाही सुटला असता.

‘दिसलं नाही अम्मा,’ ते म्हणाले. ‘गर्दी होती. मान दाबली आणि ढकललं. हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. हाराची कड दिसली. तोंड नाही दिसलं.’

मुलगा दाराशी अवघडून उभा होता. म्हातारीनं अण्णांकडं निरखून पाहिलं. मागच्या खेपेला ती त्यांना तुम्ही म्हणत होती.

‘ह्या खेपेला गेलास बघ,’ ती म्हणाली. ‘माझे मालक गेले होते एकदा, आमच्या लग्नाआधी. हेच सांगायचे. काठ दिसला, तोंड नाही. जाऊन आलेला माणूस तोंड दिसलं म्हणत नाही.’

मग अण्णा खुर्चीवरून उठले, खाली बसले आणि त्या म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं पाय ओढून घेतले नाहीत. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुलाला म्हणाली, ऊट वाढ ह्यांना, मागल्या वेळी नीट जेवला नाही हा.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही कॉफीला थांबलो. अण्णा काउंटरपाशी गेले आणि बाय टू मागितली, काही न विचारता. गल्ल्यावरचा तरुण बोलका होता. मला मराठीत काही बोलताना ऐकून त्यानं अण्णांना आपणहून विचारलं, ‘यावूरु सार?’ कुठलं गाव? त्याला सांगायला बरंच काही होतं हे दिसत होतं. काय खावं, कुठं जावं, कॉफी अर्धी कशी करतात.

‘इल्ले,’ अण्णा म्हणाले. इथलाच.

त्यानं मान डोलावली, कॉफीचे दोन पेले आमच्याकडं सरकवले आणि मागच्या गिऱ्हाइकाकडं वळला.